राजवाड्याभोवतीची मोटार

सोनवडच्या दिवाणांनी विलायतेहून मोटार मागवली. मोटारीला रस्ता लागतो, हे मात्र त्यांना ती आल्यावर सुचलं. मग घाईघाईनं राजवाड्याभोवती एक रस्ता झाला आणि दिवाणसाहेब रोज त्यावर फेऱ्या मारू लागले. ‘स्पीड’ आणि ‘प्रोग्रेस’ हे दोन इंग्रजी शब्द तर त्यांच्या तोंडात सुपारीसारखे घोळत असत.

एकदा नदीपलीकडच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस यमूताई कर्णिक दरबारात आल्या. पावसाळ्यात पोरींना नदी ओलांडता येत नव्हती, म्हणून त्यांना एक साकव हवा होता.

दिवाणांनी नाक मुरडलं. “बाई, स्पीड आणि प्रोग्रेस यांतला फरक सांगा. राजेसाहेबांना पटला तर साकव, नाहीतर शाळेला कुलूप!”

“सांगते. पण आधी मला मोटारीनं शाळेत सोडा.”

दिवाण खूश झाले. बाईंना बसवून त्यांनी मोटार अशी पिटाळली, की त्यांची स्वतःची पगडी वाऱ्यावर गेली. राजवाड्याला वळसा घालून मोटार पुन्हा दारात येऊन थांबली. पायरीवर राजेसाहेब उभेच होते.

“शाळा आली का?” बाईंनी विचारलं.

“कशी येणार? नदीवर साकव कुठंय?” दिवाण बोलून गेले.

बाई उतरल्या आणि पदर सारखा करत राजेसाहेबांना म्हणाल्या, “पगडी उडाली, तो स्पीड. मी शाळेत पोचले असते, तर ती प्रोग्रेस.”

राजेसाहेबांनी साकव तिथंच मंजूर केला. दिवाण पगडी शोधायला पायी निघाले.