नदीकाठची माती

त्या राज्यात ओझी गाढवांच्या पाठीवर होती आणि औषधं घोड्यांच्या पागेत.

गाढवांच्या पाठी सोलवटत, जखमा चिघळत, त्यांत किडे पडत. कुणाचं काही अडत नसे. पण एकदा घोडेराजाच्या खांद्याला मिरवणुकीचं खोगीर घासलं, जखम पिकली, आणि दरबाराची झोप उडाली. वैद्य बगळेबुवांनी पाल्याचा हिरवा लेप घोटला. नवं औषध थेट राजाच्या अंगाला कसं लावायचं? आधी गाढवांना लावून बघू, असं ठरलं.

ढवळी गाढवीण लेकीला, चिमीला, घेऊन गेली. दोघींच्या पाठी सडलेल्या. चिमी तर तापाने फणफणलेली. बुवांनी संमती म्हणून पानावर खुरांचे ठसे घेतले आणि ओळीने लेप लावला: एकीला पाल्याचा, पुढचीला नदीकाठच्या मातीचा. ओळखू येऊ नये म्हणून मातीतही पानांचा रस कालवला होता.

पंधरा दिवसांत ढवळीची जखम भरली. चिमीची हाडाला भिडली.

"बुवा, माझ्या पोरीला माती लावलीत ना?"

"कुणाला तरी लावावीच लागते, बाई. त्याशिवाय लेपाचा गुण कसा कळणार?"

"कळला ना आता? मग लावा तिला!"

"आधी राजांची पागा. उरला तर बघू." बुवा एका पायावर उभे राहून हसले. "नाहीतरी गाढवाला गुळाची चव काय!"

उरला तर! ज्यांच्या कातड्यावर लेप पारखला, त्यांनी उरल्यासुरल्याची वाट बघायची! ढवळीच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी लेपाची मडकी पागेत पोचवायची होती. वाहणार कोण? जिची पाठ बरी झाली, तीच. दोर आवळला तशी भरलेली जखम पुन्हा उसवली. बुवा पुढे, ढवळी मागे. वाट नदीकाठाने जात होती. तिथे चिमी मान टाकून पडली होती. आजूबाजूला माती लावलेली बाकीची गाढवं माशा हाकलत होती.

ढवळी थांबली.

"चल गं, राजे खोळंबलेत!" बुवा ओरडले.

ढवळी खाली बसली आणि चारी पाय वर करून लोळली. मडक्यांचा चुराडा झाला.

"अगं सटवे, काय केलंस हे!"

तिने वळूनही बघितलं नाही. चिमीला तोंडाने ढोसत ढोसत तिने त्या हिरव्या राड्यात लोटलं. मग एकेक करत सगळी गाढवं उठली आणि तिथे लोळू लागली.

बुवा चोचीने लेप वेचायला वाकले. पण लेप कुठला आणि माती कुठली, हे आता त्यांनाही ओळखू येईना.