धुरपामायचा पदर

तापीकाठच्या झळोदे गावात धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं आहेत. प्रत्येक धाब्यावर उजेडासाठी ठेवलेलं भोक, म्हणजे सवणं, आणि त्याच्यावर पश्चिमेकडे तोंड केलेला मातीचा आडोसा. लांबून वाटतं, डोईवर पदर घेऊन बायाच बसल्यात. पाहुण्यांनी विचारलं की गावातल्या म्हाताऱ्या सरूआजी सांगतात, "तो आमच्या धुरपामायचा पदर."

फार जुनी गोष्ट, म्हणे. बाळंतिणीला वारा बाधू नये म्हणून तेव्हा खोलीची कवाडं लावत, सवण्यावर फरशी ठेवत आणि आत शेगडी पेटवत. भर वैशाखातसुद्धा! धुरपामायची दोन नातवंडं अशाच वैशाखात गेली. लोक म्हणाले, वारं लागलं. धुरपामायला मात्र आठवे, त्या खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

पुढे सून साळू पुन्हा वैशाखातच बाळंत झाली. एका दुपारी पोराचं अंग तापलं, रडणंही थांबलं. धुरपामायने शेगडी उचलून अंगणात ठेवली, धाब्यावर चढली आणि फरशी सरकवली.

भिवरा सुईण खालून ओरडली, "अगं बये, लेकराला वाऱ्याच्या तोंडी देतेस?"

"दोन कोंडून घालवली. हे वाऱ्याच्या ओटीत घालते. त्याने राखलं तर बदल्यात मी इथून उठणार नाही!"

पण वारा सवण्यावरून नुसताच निघून जाई. मग तिने दोन्ही हातांनी पदर ताणून त्याला अडवलं, आत वळवलं. साळूला दार उघडायला लावलं.

"आत्याबाई, झळ येतेय हो!" आतून साळू रडली.

"भिवरे, बघत काय उभी? माझ्या पदरावर पाणी ओत!"

भिवरा पुटपुटत घागर घेऊन शिडी चढली. मग तिच्यामागे सगळी आळी. ओल्या पदरातून उतरलेला वारा असा गार झाला, की तापीमायच खोलीत आली, असं सांगतात.

उन्हं कलली आणि पोर टाहो फोडून रडलं.

"माय, रडलं गं! उतर आता," भिवरा हसत म्हणाली.

धुरपामाय उतरली नाही. डोळे पश्चिमेला, हात तसेच ताणलेले. प्राण केव्हाच गेला होता. बायांनी पदर आवरायला घेतला, तर तो आवरेना. ओल्या लुगड्यावर वाऱ्याची धूळ बसून त्याची माती झाली होती, म्हणे. तेव्हापासून गावाने प्रत्येक सवण्यावर तसाच मातीचा पदर उभारला.

आजही झळोद्यात कुणी बाळंत झालं की सुईण पहिली घागर घेऊन धाब्यावर चढते, ती त्या मातीच्या पदरावर ओतते आणि खाली बाळाचा आवाज आला की हात जोडून सांगते, "माय, रडलं गं."