खापरटेकडीवरचं वाकडं बोळकं

ही टेकडी मातीची नाही बरं का मंडळी, खापरांची आहे. चपला काढू नका, पाय कापतील. आमच्या कुंभारवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या जे फुटलं ते इथं आलं. वर कोनाड्यात वाकड्या तोंडाचं बोळकं दिसतंय ना, तेवढंच काय ते साबूत.

फार मागं इथं भिवसेन नावाचा कुंभार होता म्हणे. हात सोन्यासारखा, पण नजर मेली सदा तडा शोधणारी. मडकं ठोकायचं, बद्द वाजलं की बाजूला. धंद्याला ते बरोबरच. पण हा बाबा पोटच्या पोरीलाही तसाच ठोकून बघायचा. आठ वर्षांची येसू काही करायला गेली की हा आधी तिची चूक दाखवायचा. पोर मातीला हात लावायला भिऊ लागली.

एकदा अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर मडकी भाजायचा आवा पेटला होता. येसूला घटकाभर राखणीला बसवलं, आणि नेमका वळीव आला. भेदरलेल्या पोरीला आव्यावर गवताचा झाप ओढायला उशीर झाला. भिवसेननं येऊन पाहिलं तर वरचा थर सगळा तडकलेला. "संपलं सगळं," म्हणून तो डोक्याला हात लावून बसला. येसूनं ते ऐकलं. माझा हात लागला की फुटतंच, एवढं ती आईजवळ बोलली आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही. पोर डोळ्यांदेखत वाळायला लागली.

तेव्हा कुठं बापाच्या काळजात धस्स झालं. त्यानं निवलेल्या आव्यापुढं माथा टेकला. माझी पोर जेवू दे, पुन्हा कधी साबूत भांडं वाजल्याशिवाय फुटक्याचं नाव काढणार नाही, असा नवस बोलला. मग येसूला उचलून आणलं आणि तिचा हात राखेत घातला. आधी खापर निघालं, मग आणखी एक. सवयीनं याची जीभ वळवळली म्हणे, पण त्यानं ती दाताखाली धरली. तिसऱ्यांदा हे बोळकं आलं. येसूनंच चोरून केलेलं; आईनं गुपचूप तळाशी ठेवलेलं. पोरीनं ते पाठीमागं लपवलं. भिवसेननं हलकेच काढून घेतलं, ठोकलं. खणखणीत!

"वाजतंय गं बाई," तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

खालचा अख्खा थर साबूत होता. यानं वरूनच निकाल लावला होता. त्या दुपारी येसूनं दीड भाकरी खाल्ली, असं सांगतात. ती दीड भाकरी आमच्याकडं कुणी विसरत नाही.

आजही आवा उघडताना पहिला हात लेकराचा. भांडं वाजेपर्यंत मोठ्यांनी चकार शब्द काढायचा नाही. आणि हे आव्यापुरतंच नाही हो. परवा नातवाचं प्रगतिपुस्तक आलं, मी मेल्यानं पहिलं बोट गणितावर ठेवलं. सून आतून म्हणाली, "आबा, आधी वाजणारं काढा." मुकाट्यानं चित्रकलेवर आलो. पोरगं खुदकन हसलं, आणि थोड्या वेळानं गणिताची वही त्यानं आपणहून माझ्यापुढं आणून ठेवली.