राजाच्या रथातली उद्धट तार

"जळली! पुन्हा जळली!" झगडापूरचे महाराज तालेवारसिंह खोकत खोकत रथातून उतरले. मोठ्या हौसेनं बांधून घेतलेला विजेचा रथ, पण शंभर पावलंसुद्धा जाईना!

राज्यात जाड तार मिळेना, म्हणून वायरमन धोंडजीनं बॅटरीपासून मोटारीपर्यंत दोन बारीक तारा जोडल्या होत्या. निम्मी वीज हिच्यातून, निम्मी तिच्यातून. पण रिवाज आडवा आला! राजाच्या आसनाला फेऱ्या घातल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. म्हणून महाराजांनी एका तारेला रथातल्या सिंहासनाभोवती सात फेरे घालायला लावले. दुसरी नजर चुकवून सरळ गेली, आणि दर वेळी जळायची तीच!

"मान देत नाही म्हणून जळते ती!" महाराज गरजले. "धोंडजी, आज संध्याकाळपर्यंत वीज निम्मी-निम्मी चालली पाहिजे. आणि फेरे सुटणार नाहीत! नाहीतर गाढवावरून धिंड!"

धोंडजीचं तोंड एवढंसं झालं. त्याची मुलगी साळू मात्र पुढे सरसावली. बापाबरोबर खांबावर चढून काम शिकलेली पोर ती!

"मी चालवून दाखवते, महाराज. पण आधी दरबाराला जिलबी हवी. आणि आपला एक हुकूम."

तळ्याकाठच्या भोजनगृहात जिलबी तळली गेली, आणि दाराबाहेर उभा दरबार वासानं कासावीस झाला. मग हुकूम सुटला, "निम्म्यांनी या दारानं आत जायचं, निम्म्यांनी तळ्याला वळसा घालून मागच्या दारानं!"

तुतारी वाजली मात्र, सगळे जवळच्याच दारात घुसले! प्रधानजी सेनापतींच्या काखेत अडकले. चौकट कडाडली आणि खाली आली. मागच्या दारानं आले एकटे राजवैद्य, तेही सर्दीनं नाक चोंदलं होतं म्हणून. आणि मोडक्या चौकटीखाली कोण? तोंडात जिलबी धरलेले खुद्द महाराज!

"महाराज, हुकूम आपलाच होता ना?"

"अगं, पण तळं फिरून येईपर्यंत जिलबी गार झाली असती!"

"विजेचंही तेच! जवळच्या वाटेनं गर्दी करते, म्हणून ती तार जळते."

"म्हणजे फेरे काढायचे? कदापि नाही!"

"काढायचे कशाला? दुसरीलाही सातच घालू. दोघी सारख्या जाड, सारख्या लांब, टोकं घट्ट आवळलेली. वीजही निम्मी-निम्मी, आणि आपला मान दुप्पट!"

"दुप्पट!" महाराज इतके हसले, की मुकुट घरंगळत तळ्यापर्यंत गेला. तारा गुंडाळल्या गेल्या, रथ वेशीपर्यंत जाऊन आला, जळकट वास म्हणून नाही! महाराजांनी गळ्यातला कंठा काढून साळूच्या गळ्यात घातला, धोंडजीला मानाची पगडी बांधली आणि दवंडी पिटवली, "आजपासून रथ साळू हाकणार, आम्ही मागं बसणार!"