पाणवठा कुणाचा?

करवंदाच्या जाळ्या थोड्या आणि सभासद भरपूर, असं एक रान होतं. त्या रानाचे राष्ट्राध्यक्ष होते भालुकराव अस्वल. निवडून आले तेव्हा त्यांनी काळ्या खडकावर पंजा ठेवून शपथ घेतली होती. रानाची राज्यघटना त्याच खडकावर कोरलेली होती. पुढे खडकावर शेवाळ वाढलं आणि सभासद त्यावर ऊन खात बसू लागले.

चैत्रात पाणी आटलं. भालुकरावांनी फर्मान काढलं, "पाणवठ्याचं रक्षण व्हावं म्हणून आजपासून तो माझ्या अंगाखाली राहील." आणि ते पाण्यात आडवे झाले. सभागृहाने शेपट्या आपटून मंजुरी दिली. आठवड्याने दुसरं फर्मान निघालं: रानात तहान उरलेली नाही, ज्याला लागेल तो देशद्रोही. तिसऱ्या फर्मानाने घशाची कोरड हा देशभक्तीचा पुरावा ठरला. सभापती मोरांनी अभिनंदनाचं भाषण सुरू केलं, पण आवाजच फुटेना. म्हणून ते नुसते नाचले.

ओढ्याकाठून निवडून आलेल्या साळूताई साळिंदर मात्र अस्वस्थ होत्या. त्यांच्या मतदारसंघात सशांची पिल्लं दव चाटून दिवस काढत होती. त्या ज्येष्ठ सभासद सांबरतात्यांकडे गेल्या.

"तात्या, पाणी सगळ्यांचं, असं घटनेत आहे. अध्यक्षांना जाब विचारा की!"

"खासगीत मी तुझ्याच बाजूचा आहे गं," तात्या कुजबुजले.

"आणि जाहीरपणे?"

"जाहीरपणे माझी तब्येत बरी नाही."

साळूताई दारोदार फिरल्या. चाळीसच्या चाळीस सभासद खासगीत त्यांच्या बाजूचे निघाले. साळूताईंना राग आला, आणि हसूही. सकाळी त्यांनी आपलाच एक काटा उपटला आणि खडकावरचं शेवाळ खरवडायला घेतलं. ऊन खायला तात्या आले.

"उठा तात्या, तुम्ही सातव्या कलमावर बसलायत."

तात्यांनी वाकून वाचलं. "अध्यक्ष घटनेबाहेर गेल्यास सभागृहाने त्याला जाब विचारलाच पाहिजे." त्यांनी पुन्हा वाचलं. "विचारलाच पाहिजे? मला वाटत होतं, त्यांची परवानगी लागते!"

दुपारी ते कलम वाचून सगळं सभागृह पाणवठ्यावर गेलं. साळूताईंनी तात्यांना पुढे केलं. 

"अध्यक्षमहाराज," तात्या म्हणाले, "हा पाणवठा कुणाचा?"

चार वर्षांत भालुकरावांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "प्रश्न... प्रश्न लेखी द्या!"

"लेखीच आहे. खडकावर," साळूताई म्हणाल्या.

"कुणाचा? कुणाचा?" मागून सगळे ओरडू लागले. उत्तर शोधायला भालुकराव उठून उभे राहिले, आणि तेवढ्यात साळूताईंच्या मागोमाग आलेली सशांची पिल्लं त्यांच्या पायांमधून पाण्यात शिरली. पोट फुगेस्तोवर प्यायली. भालुकरावांना पुन्हा बसायला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहाची तातडीची बैठक बोलावली गेली. साळूताई नवं लुगडं नेसून गेल्या. त्यांना वाटलं, सत्कार असेल. ठराव एकमताने मंजूर झाला: सभासदांना प्रश्न विचारता येतो, ही गोपनीय माहिती बाहेर फुटलीच कशी, याच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात यावी.