रिकामा पेड

या बघू सगळ्या पांघरुणात. मुक्ते, पाय आवर, रेणूला लागतात. डोळे मिटले तरी चालतील, कान तेवढे उघडे ठेवा.

तर एकदा काय झालं, एका नदीला दोन पोरींचा लळा लागला. हो, नदीलाच. एक चंद्री, नावाड्याची लेक. दुसरी तानी, माळ्याची लेक. चंद्री लोकांना नावेतून पलीकडे सोडायची, तानी घाटावर फुलं विकायची. पण रोज सकाळी कामाला लागायच्या आधी दोघी पायरीवर बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या. चंद्रीचे केस एवढे लांब, की वेणीचं टोक पाण्यात भिजायचं आणि मासे येऊन कुरतडायचे. हसू नका, खरं सांगते. आणि दोघींचं इतकं गूळपीठ, की एकीला ठेच लागली तर दुसरी "आई गं" म्हणायची.

मग एक दिवस आला राजपुत्र. साध्या कपड्यांत बरं का, कुणाला कळू नये म्हणून. नावेतून पलीकडे गेला. परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पलीकडे त्याचं काडीचं काम नव्हतं. त्याला चंद्री आवडली होती. पण जाता-येता तो तानीकडून मोगऱ्याचा गजरा घ्यायचा आणि हसून म्हणायचा, "असा गजरा दुसऱ्या कुणाला जमत नाही." तानीला वाटलं, हा माझ्यासाठीच येतो. वेडी रोज थोडा मोठा गजरा करायला लागली.

आणि एका सकाळी चंद्री वेणीसाठी पाठमोरी बसली, तर तिच्या केसांत कालचा गजरा! तानीच्याच हातचा. चंद्री म्हणाली, "अगं, सगळ्यात आधी तुलाच सांगते. त्याने मला मागणी घातली. राजाचा मुलगा आहे म्हणे तो! आठ दिवसांनी परत येणार आहे. मी हो म्हणून बसलेय."

तानीने हातातली फणी खाली ठेवली. तोंडाने म्हणाली, "बरं झालं हो." आणि गेली ती थेट चिंचेखालच्या जखिणीकडे.

जखीण दात कोरत बसली होती. म्हणाली, "तिला त्याचा विसर पडायला हवा ना? सोपं आहे. वेणीला तीन पेड असतात. प्रत्येक पेडाला हळूच एक गोष्ट सांग, तेवढी ती विसरेल. पण एकही पेड रिकामा सोडू नकोस. रिकाम्या पेडाला भूक लागते, तो समोर दिसेल ते खातो. आणि ही वेणी घालणारीच्याच हाताने सुटते, तीसुद्धा सगळी एकदम. एवढंच सोडते, तेवढंच राहू दे, असं चालायचं नाही." तानीने अर्धं ऐकलं, अर्धं ऐकलंच नाही. तिला घाई झाली होती.

मग दुसऱ्या दिवशी तिने चंद्रीचे केस विंचरले. पहिला पेड हातात घेतला आणि पुटपुटली, "त्याचा चेहरा विसर." दुसऱ्याला म्हणाली, "त्याला दिलेला शब्द विसर." तिसरा पेड उचलला, तेवढ्यात चंद्री म्हणाली, "तानी, हात का गं थरथरतात तुझे? सकाळपासून काही खाल्लं नाहीस का? माझी भाकरी घे." झालं. तानीला तिसरी गोष्ट सांगवेना. तिने तशीच भराभर वेणी घातली आणि टोकाला गाठ मारली.

चंद्रीने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "कोण गं तू? आणि माझ्या केसांशी काय करतेस?"

काय झालं, कळलं का? तिसरा पेड राहिला रिकामा. त्याच्यासमोर कोण होतं? तानी. त्याने तानीच खाऊन टाकली.

तानी घरी जाऊन रडली, पण कुणाला काही बोलली नाही. आठ दिवसांनी राजपुत्र आला. चंद्री त्याला म्हणाली, "पलीकडे जायचंय ना? मग पायाचा चिखल धुऊन नावेत बसा." बिचारा खट्टू होऊन घाटावर येऊन बसला. तानीने पाणी दिलं. मग तो रोज येऊन तिच्यापाशीच मन मोकळं करायला लागला. महिनाभराने म्हणाला, "तूच चल माझ्या घरी." राजपुत्र झाला म्हणून काय सगळं कळतं का! लग्नाचा दिवस ठरला. तानीला हवं होतं ते सगळं मिळालं.

मग वाड्यातून तीन दासी आल्या, नवरीची वेणी कशी घालायची ते बघायला. पहिलीने इतकी घट्ट घातली, की तानीचे डोळेच ताणले गेले. दुसरीची झाली वाकडी. तिसरीची उंबऱ्यापर्यंत जायच्या आत सुटली. दासी घाबरून गेल्या. पण तानी ओरडली नाही. ती नुसती ढसाढसा रडली. तिला चंद्री हवी होती हो! दुसरं काही नको होतं.

मग ती निघाली घाटावर. पहिल्या दिवशी फुलं घेऊन गेली. चंद्री म्हणाली, "मला नकोत बाई, माळून दाखवू कुणाला?" दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन गेली. चंद्रीने खाल्ली, अर्धी तानीला दिली. पण तानीचा हात वेणीकडे गेला तशी चटकन मागे सरकली. "अंगाला हात लावायचं काम नाही हं. आधीच ही वेणी कुणाला सुटत नाहीये. आईने तीन फण्या मोडल्या."

तिसऱ्या दिवशी तानी रिकाम्या हाताने गेली आणि सगळं खरं सांगून टाकलं. गजऱ्याचं, जखिणीचं, पेडांचं. म्हणाली, "मी तुझी मैत्रीण होते. मला सोडू दे ही वेणी. मग तू मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

चंद्री म्हणाली, "आणि गप्प बसली असतीस तर?"

"तर परवा माझं त्याच्याशी लग्न झालं असतं."

"मग सोडतेस कशाला?"

तानी म्हणाली, "तू मला ओळखत नाहीस ना."

चंद्रीने वल्हं बाजूला ठेवलं. मग पाठ करून बसली. तानीने गाठ सोडली. तिन्ही पेड एकदम मोकळे झाले, आणि चंद्रीला सगळं सगळं आठवलं. ती उठली. तानीकडे न बघता नावेत बसली आणि एकटीच पलीकडे मावशीकडे निघून गेली. राग येणार नाही तर काय होईल? आलाच पाहिजे.

तानीने वाड्यावर जाऊन राजपुत्रालाही खरं सांगितलं. लग्न मोडलं. तो धावत नदीवर आला, तर नदीला पूर! मग काय, सगळा पावसाळा तो घाटाच्या एका टोकाला, तानी दुसऱ्या टोकाला. दोघं रोज येऊन बसायचे, तोंडं फिरवून.

पाणी उतरलं तशी नाव आली. राजपुत्र पुढे झाला, पण चंद्री आधी तानीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुला तो आवडत होता तर माझ्याशी भांडायचं होतंस. झिंज्या उपटायच्या होत्यास माझ्या. मला भांडायलासुद्धा ठेवलं नाहीस गं तू!" आणि रडली. तानीही रडली. पण माफ केलं असं चंद्री काही म्हणाली नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि मग राजपुत्राशी चंद्रीचं लग्न ठरलं. सगळे सजले, मांडव सजला. चंद्री केस मोकळे सोडून पाटावर बसली आणि म्हणाली, "तानीला बोलवा." सगळे हबकले. सासू म्हणाली, "सूनबाई, तिच्या हातात पुन्हा केस द्यायचे? कशावरून ती तेच करणार नाही?"

चंद्री म्हणाली, "तिलाच बोलवा."

तानी आली. फणी हातात घेतली. पहिला पेड, दुसरा पेड, तिसरा पेड. सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या. बाहेर वाजंत्री वाजतेय, भटजी घाई करताहेत. आणि इकडे वेणी घालता घालता चंद्रीची मान हळूहळू कलली. तानीच्या मांडीवर डोकं टेकून ती चक्क झोपी गेली. घोरायलासुद्धा लागली!

सासू म्हणाली, "अगं, उठव तिला, मुहूर्त टळेल." तानीने मान हलवली. डोळे पुसले आणि म्हणाली, "टळू दे."

मग दुसरा मुहूर्त काढला. त्यावर लग्न झालं, सगळे पोटभर जेवले, आणि सुखाने राहिले.

काय गं मुक्ते, झोपलीस? माझ्या मांडीवरच? असू दे, असू दे. रेणू, तूही मीट आता डोळे. मी आहे इथे.