पटाशीचा कोपरा

त्या राज्यात सगळे जन्मभर उभे असायचे, आणि आपण पांढरेशुभ्र आहोत असं प्रत्येकाचं ठाम मत होतं. दार उघडलं की उजेड यायचा. पण डिंकाच्या लाडवानं पुढच्या रांगेतल्या पटाशीचा कोपरा उडवला, आणि तेव्हापासून दार जेवणापुरतंच उघडायला लागलं. तेही हात आडवा धरून.

"तुझ्यामुळे हा अंधार," अक्कलदाढ मागून म्हणाली. ती सगळ्यांत शेवटी आली होती आणि कायम आडवी असायची, त्यामुळे कारभार तिच्याकडे होता. "दार असंच राहिलं तर तुला काढणार बघ. मधली दाढ अशीच गेली. अजून परत येतेय."

पटाशी मुळापासून हलली.

एके सकाळी पटाशीचा उडालेला कोपरा भरायला चपट्या अवजारावर बसून एक गोळा आला. मऊ, पिवळसर, अवघडलेला.

"रंग कुठला तुझा?" अक्कलदाढेनं विचारलं.

"आत्ता पिवळा. निळा उजेड पडला की पिवळेपणा उडतो आणि मी कडक होतो."

"मग पांढरा?"

"ते मागे कोण उभं राहतंय त्यावर, आजी. माझ्यातून थोडं आरपार दिसतं. मागे अंधार असला तर मी काळपट."

"म्हणजे तुला स्वतःचा रंगच नाही!"

"तुमचा कुठला?"

सगळ्यांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट पाहिलं. सुळा हळदीच्या दुधासारखा. दाढा चहाच्या. चर्चा तिथेच थांबवण्यात आली.

"मी राहते मागे," पटाशी म्हणाली. तिनं आपली तुटकी कड तिरकी घासून घेतली आणि गोळा तिला टेकला. निळा उजेड आला, गेला. दार मिटलं.

आता रंग कसा जमलाय ते अंधारात कळणार कसं? जीभ जाऊन चाचपून आली. "गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "रंगाचं मला विचारू नका, मी चवीची माणूस."

त्याच संध्याकाळी बाहेर सनई वाजली आणि कोणीतरी ओरडलं, "अगं, काढ की दात!"

"झालं," अक्कलदाढ म्हणाली.

पटाशीनं सगळ्यांचा निरोप घेतला. "तू तरी उतर," ती गोळ्याला म्हणाली.

"कसा उतरू? चिकटलोय ना."

दार उघडलं. सताड. हात आडवा नव्हता. उजेड पार अक्कलदाढेच्या अंगावर पडला आणि ती चक्क उठून बसायला बघू लागली. बाहेर मुंडावळ्या हलत होत्या, आणि एक माणूस एक डोळा मिटून काळ्या डब्यातून बघत होता.

"वा, वहिनी! अजून काढा दात!"

डब्याच्या काचेत सगळी रांग दिसत होती. थोडी हळदीची, थोडी चहाची.

"यातला बाहेरचा कोण गं?" मागून अक्कलदाढेनं विचारलं.

पटाशीनं काचेत आपला कोपरा शोधला. आपण नक्की कुठे संपतो, ते तिला काही केल्या सापडेना.